तिसऱ्या विभागाचं दार

लिफ्टचं दार मिटलं आणि माझी पर्स खोकली.

एकदा नाही, चांगली दोनदा. कोरडं, छातीतून आलेलं.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी आणि एक उंच, पावसात भिजलेला माणूस. त्याच्या छत्रीतलं पाणी टपटप माझ्या चपलेवर पडत होतं. त्याने आधी छताकडे पाहिलं, मग माझ्या पर्सकडे, मग माझ्याकडे.

"माफ करा… पण तुमच्या पर्सला बरं नाहीये."

"माझी मुलगी आहे ती," मी म्हणाले.

"पर्समध्ये?"

"खाली पाळणाघरात!" मी पर्समधून साबणाच्या वडीएवढं यंत्र काढून दाखवलं. "याचा जोडीदार तिच्या उशाशी असतो. तिकडे ती खोकली की इकडे मला ऐकू येतं."

पाळणाघरातल्या बायका मला यावरून हसतात. हसू देत. चार वर्षांच्या दमेकरी पोरीची आई झाल्याशिवाय कळायचं नाही ते. हा मात्र हसला नाही. कान देऊन ऐकत राहिला.

"कफ नाही त्यात. गार हवेने होतं ना?"

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"लहान मुलांचा. पर्सचे पेशंट मात्र पहिल्यांदाच बघतोय."

मी हसायला नको होतं. हसले. मजला आला. मी डावीकडे वळले, तोही वळला. मी बैठकीच्या खोलीत शिरले, तोही शिरला… आणि टेबलावर समोर 'तिसरा विभाग' अशी पाटी ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसला.

माझं हसू तिथेच विरलं. कारण त्या खुर्चीतल्या माणसाला आज वाईट बातमी द्यायची होती, आणि ती माझ्याच आकड्यांवर उभी होती.

काम असं होतं. दम्याने रात्री खोकणाऱ्या मुलांसाठी एक नवं औषध आलं होतं. त्याची चाचणी जगाच्या तीन वेगवेगळ्या विभागांत एकाच वेळी, एकाच आराखड्याने करायची होती. कुठल्या विभागातून किती मुलं घ्यायची, काय मोजायचं, औषध सगळीकडे सारखंच लागू पडतंय हे कशावरून ठरवायचं, ते सगळं आकडेशास्त्राचं काम, म्हणजे माझं. मुलगी चाचणीत नव्हती. आपलं पोर आपल्याच आकड्यांत घालायचं नसतं. पण मोजमाप मात्र मला तिच्यावरूनच सुचलं होतं. रोज सकाळी आईला फोन करायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: रात्री मूल किती वेळा खोकलं? आईपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? सगळ्यांनी माझी पाठ थोपटली होती.

औषध सुरू करण्याआधी आम्ही रंगीत तालीम घेतली. औषध नाही, नुसतं मोजायचं. पहिल्या आणि दुसऱ्या विभागातली मुलं रात्रीत आठ-आठ, नऊ-नऊ वेळा खोकत होती. तिसऱ्यातली एकदा, नाहीतर तेही नाही.

"मग प्रश्नच मिटला," आमचे मोठे सर म्हणाले. कुठलाही आराखडा समोर आला की छाटायचे, म्हणून मागून सगळे त्यांना 'कात्री' म्हणत. "जी पोरं मुळात खोकतच नाहीत, त्यांचा खोकला औषध कमी काय करणार? टकल्याला कंगवा देण्यातला प्रकार. तिसरा विभाग वगळू, त्यांच्या जागा बाकी दोघांत वाटू."

लिफ्टवाला डॉक्टर शांतपणे म्हणाला, "वगळलंत तर आमच्याकडे हे औषध यायला पुन्हा वेगळी चाचणी लागेल. ती कधी होणार? तोवर माझी मुलं बाप्ये झालेली असतील. सर, माझ्या दवाखान्यात येऊन बघा. माझी मुलं खोकतात हो!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"डॉक्टर, आकडे तसं म्हणत नाहीत," मी म्हणाले.

"आकडे कोणाचे?"

"माझे."

"आणि मुलं माझी," तो म्हणाला.

आवाज चढलेला नव्हता. तेच लागलं मला. सरांनी निर्णय शुक्रवारवर ठेवला आणि बैठक उठली.

संध्याकाळी पाळणाघरात गेले तर हे महाशय बाहुल्यांच्या इवल्या खुर्चीत, गुडघे कानांपाशी घेऊन बसलेले! आणि माझी चिऊ त्यांचीच नळी कानात घालून त्यांचीच छाती तपासत होती.

"अनोळखी माणसाला आत सोडलंतच कसं तुम्ही?" मी पाळणाघरातल्या बाईंवर उखडले.

"अहो, ओळखपत्र पाहिलंय मी. आणि मी काय आंधळी आहे? समोरच बसलेय की!"

"आई!" चिऊ डोळे मोठ्ठे करून ओरडली. "ह्यांच्या आत घोडा पळतोय!"

"सकाळी लिफ्टमध्ये शिरल्यापासून पळतोय," तो तिला म्हणाला. पण बघत होता माझ्याकडे.

मी चिऊचे बूट बांधायला खाली वाकले. बराच वेळ बांधले. ते चिकटपट्टीचे होते…

दुसऱ्या दिवसापासून तो लिफ्टशी उभा असायचा. योगायोगाने म्हणे.

"आज किती?"

"सात वेळा."

"सगळे तुम्ही मोजलेत? मग झोपता कधी?"

"झोपते ना. कान उघडे ठेवून."

"आणि उठल्यावर माझ्या मुलांवर काट मारता."

"काट मी मारत नाही. आकडे मारतात."

"आकड्यांना हात नसतात, आकडेबाई."

असं भांडण… आणि तरी बुधवारी सकाळी तो लिफ्टशी दिसला नाही तेव्हा मी दोन लिफ्ट सोडल्या. तिसऱ्या वेळी मागून आवाज आला, "योगायोगाला आज उशीर झाला."

घरी चिऊने घोड्याची बातमी आजीला कधीच पोहोचवली होती. माझी आई म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणारी. दुपारी तिचा फोन.

"तो घोडेवाला डॉक्टर परमुलखातला ना? मग आज आपल्याकडे जेवू दे. एकटा जीव कुठे बाहेर खाणार!"

"आई, त्याच्याशी भांडण चाललंय माझं."

"बरं झालं. तुझ्या नवऱ्याशी तुझं कधी भांडणच झालं नाही. शेवटी वेगळे झालात तेसुद्धा 'बरं, ठीक आहे' म्हणून. भांडणारा बरा गं."

आईसमोर कोणाचं चाललंय?

घर आमचं दोन खोल्यांचं. आतल्या खोलीच्या दारात माझा एक जुना बूट कायम अडकवलेला असतो, दार लागू नये म्हणून. पाहुणा येणार म्हणून आईने सगळं घर आवरलं होतं. बूटसुद्धा उचलून कपाटात ठेवला होता. ते माझ्या लक्षात आलं नाही. माझं लक्ष होतं कुठे? तो भात वाढून घेत होता, आईच्या चौकशांना सरळ उत्तरं देत होता, "लग्न का नाही केलंत?" ला "कोणी पर्स घेऊन लिफ्टमध्ये आलंच नाही" म्हणत होता. आई पदर तोंडाला लावून हसत होती आणि मी पाण्याचा ग्लास पुन्हा पुन्हा भरत होते.

जेवणं झाली. चिऊ पेंगली तशी आई तिला घेऊन आत गेली. पर्समधलं यंत्र बंद करून चार्जिंगला लावलेलं. बाहेर पाऊस कोसळत होता, वाऱ्याने आतलं दार हलकेच लागलं. आम्ही दोघं खिडकीशी.

"तुम्हाला एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "कामाचं नाही."

"मग?"

"कसं सांगावं… पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये…"

दार धाडकन उघडलं. आई!

"अगं, पोर केव्हाची खोकतेय! ऐकू येत नाही का तुला?"

मी धावले. चिऊ उशीला टेकून बसली होती, डोळ्यांत पाणी. मी पंपाची फवारणी दिली, पाठ चोळली. त्याने छाती ऐकली, मान हलवली: ठीक आहे, घाबरायचं नाही. श्वास हळूहळू सुटला. चिऊ एवढंच म्हणाली, "आई, मी हाक मारली होती."

मी बाहेर आले. "मला ऐकू आलं नाही. मी… दोन पावलांवर होते. मला ऐकू आलं नाही!"

तो दाराशी गेला. लाकडावर तळवा ठेवला. दार लोटलं, उघडलं, पुन्हा लोटलं. आत आई चिऊला काहीतरी सांगत होती. दार लागलं की आवाज गायब.

"आमच्याकडे फार थंडी," तो सावकाश बोलू लागला. "भिंती जाड, दारं जाड. मूल चालायला लागलं की त्याची खोली वेगळी. ऊब टिकावी म्हणून रात्री सगळी दारं घट्ट बंद. मीही लहानपणी रात्ररात्र खोकायचो. सकाळी आई विचारायची, 'झोप झाली ना रे?' मी म्हणायचो, 'हो.' मोठा होईपर्यंत घरात कोणाला पत्ता नव्हता." त्याने वळून पाहिलं. "तुमचा सकाळचा फोन माझ्या आईला आला असता तर काय सांगितलं असतं तिने?"

"शून्य," मी म्हणाले.

मी स्वतः एकदा दार लोटून पाहिलं.

"आपण खोकला मोजलाच नाही," मी म्हणाले. "आपण…"

"…दारं मोजली."

जाताना मी त्याला उंबऱ्यात अडवलं. "मघाशी काय सांगणार होतात?"

"शुक्रवारनंतर," तो म्हणाला. "आज बोललो तर उद्या तुमच्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवायचा नाही. मीसुद्धा." आणि छत्री विसरून पावसात गेला.

गुरुवारी सकाळीच मी त्याला समोर बसवलं. "तालमीतल्या सगळ्या घरांना आज एकच प्रश्न विचारायचा. मूल रात्री मोठ्यांच्या खोलीत झोपतं, की बंद दाराआड? पण डॉक्टर, उत्तरं यायच्या आधी मी लिहून सरांकडे पाठवणार आहे. मोठ्यांच्या खोलीत झोपणारी मुलं तिन्ही विभागांत सारखीच खोकत असतील तर दोष दाराचा, तिसरा विभाग राहील. तसं नसेल तर दोष दाराचा नाही, तिसरा विभाग जाईल. आणि नंतर वाकवायचं नाही."

"आणि आपण चुकलो असलो तर?"

"तर तुमची मुलं बाहेर. माझ्याच सहीने."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मला वाटलं, म्हणेल, जरा थांबा, आधी उत्तरं तर येऊ द्या. कोणीही म्हणालं असतं.

"लिहा," तो म्हणाला.

खरं सांगू? प्रेमात मी त्या एका शब्दाला पडले. लिफ्टबिफ्ट सगळं बहाणे.

तिन्ही विभागांतून दिवसभर फोन चालले. संध्याकाळपर्यंत उत्तरं आली आणि मी ती आकड्यांशेजारी बसवली. तिसऱ्या विभागातही लहान घरं होतीच. तिथे आईबापांच्या खोलीत झोपणारी मुलं रात्रीत आठ-नऊ वेळा खोकत होती. आमच्याकडे, पहिल्या दोन विभागांतही, मोठी घरं होती. तिथली बंद दाराआडची मुलं एकदा-दोनदा. तिन्हीकडे तेच. पुन्हा केलं. पुन्हा तेच! मी खुर्चीवरून उठून त्याला शोधायला निघाले आणि कॉरिडॉरमध्ये त्याच्यावरच आदळले.

"तुमची मुलं खोकतात," मी म्हणाले. "अगदी आमच्याइतकीच खोकतात!"

एवढी वाईट बातमी एवढ्या आनंदाने कोणी कोणाला दिली नसेल. तो भिंतीला टेकला आणि त्याने डोळे मिटले. पापण्या ओल्या होत्या. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

शुक्रवार. खोली भरलेली. सरांनी माझे कागद वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले.

"म्हणजे बाई, मोजमाप चुकलं म्हणता?"

"हो सर."

"कल्पना कोणाची होती?"

"माझी." आता मागे फिरायचं नव्हतं. "आईला सगळं ऐकू येतं, असं मी धरून चालले. हात दाखवून अवलक्षण म्हणा हवं तर. पण सर, आपण साप समजून भुई धोपटत होतो. विभागांत फरक नव्हता, आमच्या मोजपट्टीत होता. मोजपट्टी चुकली तर मोजपट्टी बदलायची. मुलं का वगळायची?"

"बदलून काय आणणार?"

मी पर्समधून यंत्र काढलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. "असं काहीतरी. खोकला मोजणारं, तिन्ही विभागांत प्रत्येक मुलाच्या उशाशी. दार बंद असो की उघडं, आई जागी असो की दमून झोपलेली. आईच्या कानांवर एवढा भार टाकायला नको होता मी."

सर यंत्राकडे बघत होते. सगळेच बघत होते. आणि तेवढ्यात ते बोललं.

"काय गं, आज डॉक्टरकाका नाही आले?" पाळणाघरातल्या बाईंचा आवाज.

"ते आज जाणार," चिऊचा आवाज, खणखणीत. "आई काल आजीला म्हणाली, ते गेले की त्या लिफ्टमध्ये पाऊलच टाकवणार नाही. मी आपली जिन्याने जाईन म्हणाली. आणि मग रडली. थोडीशीच."

मी यंत्रावर झडप घातली. ते हातातून सटकलं, टेबलावरून घसरत थेट तिसऱ्या विभागाच्या पाटीशी जाऊन थांबलं. त्याने ते अलगद उचललं. बंद मात्र केलं नाही. कानांपर्यंत लाल झाला होता.

मोठ्या सरांनी घसा खाकरला. "आवाज…" ते म्हणाले, आणि त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "आवाज फारच स्पष्ट येतो बाई. मोजपट्टी मंजूर. तिसरा विभाग राहील."

आधी कोणीतरी हसलं, मग सगळे हसले, मग टाळ्या! कात्रीच्या बैठकीत टाळ्या कोणी ऐकल्या नव्हत्या.

बाहेर आले. लिफ्टशी तो उभा. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात माझं यंत्र.

"जिना की लिफ्ट?"

"चेष्टा करू नका."

"नाही करत. शुक्रवार झाला, आता सांगतो." लिफ्ट आली, आम्ही शिरलो, दार मिटलं. "मी लहानपणी दाराआड खोकायचो ना… त्या दिवशी तुमची पर्स खोकली आणि तुमचा चेहरा पाहिला. वाटलं, म्हणजे जगात असं ऐकणारं माणूस असतं! असं माणूस असलेल्या घरात मला राहायला आवडेल. चिऊच्या, तुमच्या आईच्या… तुझ्या."

'तुझ्या' म्हणाला. तळमजला आला, दार उघडलं, मिटलं. आम्ही उतरायला विसरलो होतो.

"पण चाचणी संपेपर्यंत मला तिकडून हलता येणार नाही," तो म्हणाला. "थांबशील?"

"मी आकड्यांची बाई आहे," मी म्हणाले. "अर्धवट निकाल बघायची सवय नाही मला. पूर्ण होईपर्यंत थांबते मी."

मग तिन्ही विभागांत उशाउशांशी यंत्रं लागली आणि चाचणी चालली. रोज सकाळी त्याचा फोन यायचा.

"आज किती?"

"चिऊ तीनदा."

"चिऊचं नाही विचारलं. माझी आठवण किती वेळा?"

"मोजमाप विश्वासार्ह नाही. मधे दारं फार आहेत."

निकालाच्या दिवशी पडद्यावर तीन रेघा उमटल्या, एकेका विभागाची एकेक. तिन्ही एकाच बाजूला झुकलेल्या. औषध तिन्हीकडे चालत होतं! तिसऱ्या विभागातली बंद दाराआडची मुलं आता खरंच शांत झोपत होती. नुसती ऐकू न येणारी नव्हती ती. मोठे सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी रुमाल शोधत पर्स उचकत होते, तर मागून आवाज आला…

"माफ करा. पर्सला आता बरं आहे का?"

भिजलेला. छत्री नाहीच, ती वर्षभर आमच्याच घरी होती. दवाखाना त्याने बहिणीच्या हाती सोपवला होता, तीही मुलांचीच डॉक्टर. औषध तिच्या कपाटात पोहोचलं की झालं, म्हणाला. आता तिकडे मी नसलो तरी चालेल.

"आणि इकडे?" मी विचारलं.

"इकडचं तू सांगायचंस."

"इकडे तुझ्यावाचून अडलंय," मी म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले. यंत्राची गरज लागली नाही.

संध्याकाळी घरी चिऊने आधी त्याच्या छातीला कान लावला. "घोडा आहे!" तिने जाहीर केलं. आई डोळे पुसत स्वयंपाकघरात पळाली.

त्याने बॅग उघडली. मला वाटलं अंगठी असेल. निघाली एक लाकडी पाचर. तिकडच्या कुठल्याशा जुन्या दाराच्या लाकडातून त्याने स्वतः तासलेली, कडा घासून मऊ केलेल्या. तो गुडघे टेकून खाली बसला, आतल्या खोलीच्या दारातला माझा जुना बूट काढला आणि तिथे ती पाचर घट्ट बसवली. दार हलवून पाहिलं. हललं नाही.

बूट माझ्या हातात देत, गुडघ्यांवरूनच त्याने वर पाहिलं. "चालेल?"

आतून चिऊ काहीतरी गुणगुणत होती. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"चालेल," मी म्हणाले, आणि बूट कचऱ्यात टाकून आले.